हवामानाच्या तारा

५ ऑक्टोबर १८६४ रोजी कोलकात्यावर भीषण चक्रीवादळ आदळले. तारयंत्र तोवर देशातल्या मोठ्या शहरांत पोहोचले होते. पण किनाऱ्यावरची निरीक्षणे गोळा करून बंदराला वेळेवर इशारा देणारी यंत्रणा नव्हती. पुढच्या वर्षी कोलकाता बंदरासाठी ती उभी राहिली. १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली देशभराचे हवामान खाते स्थापन झाले आणि १८७८ मध्ये सिमल्याहून रोजचे हवामानपत्रक निघू लागले.

या पत्रकाचा सारा जीव तारांत होता. सकाळी मोजलेला वायुभार वेळेत आला नाही, तर नकाशावर ते ठिकाण कोरेच राही. कुठे वेधशाळेपासून तारघर लांब असे, कुठे तारघरात आधीच संदेशांची रांग लागलेली असे, तर कुठे वाटेतल्या केंद्रावर तोच संदेश हाताने पुन्हा पाठवावा लागे. सर्वांत घातक प्रसंग वादळाचाच. बातमीची निकड शिगेला पोहोचलेली असताना खांब कोसळत आणि तार मुकी होई.

खांब वाचवणे हवामान खात्याच्या हाती नव्हते. संदेश आखूड करणे होते. हवामानाच्या तारांना अग्रक्रम मिळालाच, पण खरी बचत केली ती सांकेतिक अंकांनी. पाच-पाच अंकांच्या गटांची पुढे जगभर रूढ झालेली पद्धत विलक्षण काटेकोर आहे. तीत ४३०६३ म्हणजे पुणे. १०२५४ मधला पहिला १ तापमानाची खूण, ० म्हणजे तापमान उणे नाही, आणि उरलेले अंक म्हणजे २५.४ अंश सेल्सिअस.

खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. त्याची शिवाजीनगरची इमारत पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले. १९६३ मध्ये जागतिक हवामान संघटनेने सर्व देशांची निरीक्षणे एका जाळ्यात आणण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्या जाळ्यात दिल्ली प्रादेशिक केंद्र झाली. तरी ५० बॉडच्या, म्हणजे सेकंदाला ५० संकेत धाडणाऱ्या टेलिप्रिंटरवर पाच अंकांचा एक गट जायला जवळजवळ एक सेकंद लागे. आकड्यांपुरते ते चाले. उपग्रहाने टिपलेल्या ढगांच्या चित्रांना तो वेग अगदीच अपुरा होता.

१९८३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-१बी या उपग्रहाने ढगांची चित्रे थेट दिल्लीला धाडली आणि दुर्गम जागच्या स्वयंचलित केंद्रांची निरीक्षणेही गोळा केली. त्या केंद्रांना ना तारघर लागे, ना खांब.