गुराबेचे गोत्र

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मी नेमका शब्द शोधण्यासाठी क्वचितच उघडतो. तो हाती घ्यावयाचा, जेथे दृष्टी पडेल तेथून वाचीत जावयाचे आणि दिवेलागणी झाली म्हणजे खूण घालून ठेवावयाचा, असा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. नारायण पेठेत, मोदी गणपतीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या जुन्या वाड्याच्या माडीवर, एका पावसाळी दुपारी ‘ग’ अक्षराची पाने चाळीत असता मी ‘गुराब’ या शब्दापाशी अडलो. शब्द अनोळखी मुळीच नव्हता. सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या आरमारातील जहाजांच्या जाती सांगितल्या आहेत त्यांत गुराबा आहेत, आणि आंग्र्यांचे नाव घेतले की गुराब आणि गलबत ही जोडी आपोआप ओठांवर येते. परंतु त्या दिवशी कोशावरून उठून मी यूल आणि बर्नेल यांचा 1886 साली प्रसिद्ध झालेला ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा शब्दसंग्रह काढला, आणि तेथे जाता जाता केलेल्या एका सूचनेने मला असे पकडले की त्यानंतर कित्येक दिवस मला दुसरे काही सुचेना. गुराब हा मूळचा अरबी शब्द, त्याचा अर्थ डोमकावळा. आणि मिकेले आमारी या सिसिलीच्या अरबीपंडिताच्या मते युरोपीय आरमारांतील ‘कॉर्व्हेट’ हे नाव कदाचित याच गुराबेचे भाषांतर असावे, कारण लॅटिनमध्ये डोमकावळ्याला ‘कोर्वुस’ म्हणतात!

ही सूचना दुसऱ्या कोणी वाचली असती तर एक गमतीचा तर्क म्हणून सोडूनही दिली असती. माझ्या मनात मात्र तेव्हा एक जहाज घर करून बसले होते. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली, इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील ‘त्रिंकोमाली’ नावाची शिडाची फ्रिगेट, जी आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल बंदरात पाण्यावर तरंगत उभी आहे. आणि तिच्या चाकरीच्या इतिहासात 1847 सालची एक रुक्ष दप्तरी नोंद अशी आहे की, ही नौका यापुढे फ्रिगेट न मानता कॉर्व्हेट मानावी. आमारीचा तर्क खरा धरला तर त्या नोंदीचा अर्थ काय होतो? कोकणच्या पाण्यात जन्मलेल्या आणि मलबारी सागाच्या एका जहाजाला, जन्मानंतर तीस वर्षांनी, इंग्रजांच्या आरमारखात्याने नकळत गुराब हे नाव बहाल केले.

आता या नौकेची कुळी सांगतो. इंग्रजांनी 1782 साली ‘एबे’ नावाची एक फ्रेंच फ्रिगेट पकडली आणि तिची घडण इतकी पसंत पडली की तिच्याबरहुकूम ‘लेडा’ वर्गाच्या फ्रिगेटी बांधण्यास काढल्या. नेपोलियनच्या युद्धांत ओकवृक्षांची टंचाई झाली, म्हणून काही जहाजे मुंबईस सागात बांधण्याचा हुकूम 1812 च्या ऑक्टोबरात सुटला. ओकच्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे खाल्ले जातात. सागाच्या अंगच्या तेलाने ते राखले जातात. शनिवारवाड्याला जुन्नरच्या रानातला साग आणला होता असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि आमच्या वाड्याचे खांब-तुळया आजही वाळवीला दाद देत नाहीत, तेव्हा पुणेकराला सागाची थोरवी नव्याने सांगण्याचे कारण नाही.

त्रिंकोमालीच्या बांधणीचे नकाशे घेऊन मुंबईस निघालेल्या ‘जावा’ नावाच्या जहाजाची हकिगत मात्र सांगितलीच पाहिजे. 29 डिसेंबर 1812 रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या फ्रिगेटीने जावाला गाठून तिचा चुराडा केला आणि नकाशे तिच्याबरोबर गेले. मुंबईस दुसरी प्रत पाठवावी लागली. त्याच जहाजावरून मुंबई इलाख्याच्या फौजेची मुखत्यारी घेण्यास निघालेले जनरल हिस्लॉप अमेरिकनांच्या कैदेत सापडले. हेच हिस्लॉप पाच वर्षांनी, 21 डिसेंबर 1817 रोजी, महिदपुरास होळकरांच्या फौजेपुढे उभे ठाकले. आणि आज तरंगत असलेल्या जुन्या युद्धनौकांत जगात पहिला क्रमांक त्या कॉन्स्टिट्यूशनचा लागतो, तर दुसरा जिचे नकाशे तिने बुडविले त्या त्रिंकोमालीचा.

25 एप्रिल 1816 रोजी नौकेचे पठाण, म्हणजे तळाचा कणा, घालण्यात आले आणि पारशी रिवाजाप्रमाणे जमशेटजींनी त्यात रुप्याचा खिळा ठोकला. 12 ऑक्टोबर 1817 रोजी नौका पाण्यात उतरली. ही तारीख मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. त्यानंतर एका आठवड्याने, 19 तारखेस, दुसऱ्या बाजीरावांनी पुण्यास अखेरचा दसरा साजरा केला. 5 नोव्हेंबरास खडकीची लढाई झाली आणि 17 नोव्हेंबरास शनिवारवाड्यावर परके निशाण चढले. आमच्या वाड्यापासून काही शेकडा पावलांवर एक राज्य बरखास्त होत होते, त्याच पंधरवड्यांत मुंबईच्या बंदरात ही नवी कोरी नौका पहिल्यांदा पाण्यावर डोलत होती.

परंतु मूळ मुद्दा शब्दाचा आहे, आणि तेथे प्रतिपक्ष दुबळा नाही. पहिला पक्ष म्हणतो की कॉर्व्हेट हा शब्द लॅटिन ‘कोर्बिता’पासून आला, कोर्बिता म्हणजे रोमनांचे धान्य वाहणारे जहाज, आणि त्याचे मूळ ‘कोर्बिस’ म्हणजे टोपली. स्पॅनिशमध्ये हा शब्द ‘ब’ घेऊन येतो, हे या पक्षाचे बळ. मला हा पक्ष पटत नाही, कारण कोर्बिता तिच्या संथपणाबद्दल प्रसिद्ध होती आणि कॉर्व्हेट चपळाईसाठी. ओझ्याच्या बैलाचे नाव टेहळणीच्या घोड्याला कोणी देत नाही. दुसरा पक्ष अधिक बळकट आहे आणि बहुतेक कोशकार त्याच्याकडे झुकतात: डच भाषेत ‘कोर्फ’ म्हणजे टोपली आणि त्याच नावाचे एक लहान तारूही होते, त्यावरून पंधराव्या शतकात फ्रेंचांनी ‘कॉर्व्हेट’ केले. येथे काळ जुळतो, किनारा जुळतो आणि लहानपणा दाखविणारा फ्रेंच प्रत्ययही जुळतो.

तरीही मी आमारीची बाजू सोडावयास तयार नाही, आणि त्याची कारणे अशी. गुराब हा शब्द अरबांनी हिंदी महासागरातच वापरला असे नाही. भूमध्य समुद्रात तो फार जुना आहे. 1181 साली इटलीतील पीसा नगराच्या आर्चबिशपाने आणि तेथील अधिकाऱ्यांनी अलमोहद खलिफाकडे एक अरबी तक्रारपत्र पाठविले, त्यात पीसाच्या व्यापाऱ्यांचे जहाज वाऱ्याने किनाऱ्याला लागले असता त्रिपोलीहून एका गुराबेने येऊन लुटल्याचा दाखला आहे. म्हणजे फ्रेंचांच्या लेखणीत कॉर्व्हेट उमटण्यापूर्वी तीन शतके युरोपातील दर्यावर्दी गुराब या नावाने पोळलेले होते. आणि ज्याने आपल्याला लुटले त्याचे नाव माणूस जन्मभर विसरत नाही. त्या नावाचा अर्थ त्यांनी विचारला नसेल काय? सतराव्या शतकाच्या अखेरीस टॉमस हाइड या इंग्रज पंडिताने तो सांगूनच ठेवला आहे: डांबराने काळे पडलेले अंग, पुढे आलेली चोच आणि शिडा-वल्ह्यांचे पंख, यामुळे अरब या गलबताला डोमकावळा म्हणतात. त्यातली चोच तर आपल्या गुराबेवरही होती. ओर्म या इतिहासकाराने आंग्र्यांच्या गुराबेचे वर्णन केले आहे, त्यात रुंद अंग पुढे निमुळते होत जाऊन नाळेच्या जागी भूमध्य समुद्रातील गॅलीसारखी लांब चोच निघालेली असे, आणि तिच्यावरून नेम धरून दोन तोफा समोर डागल्या जात, असे स्पष्ट सांगितले आहे.

राहता राहिला ध्वनीचा प्रश्न. गुराब आणि कोर्वुस यांत सादृश्य आहे हे खरे, पण ते एकाच कुळातले आहेत असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. संस्कृतातही कावळ्याला ‘कारव’ असे नाव आहे, आणि हे तिन्ही शब्द त्या पक्ष्यानेच आपल्या घशातून तीन भाषांना दिलेले दिसतात. माझे म्हणणे इतकेच की ज्याच्या भाषेत कोर्वुस होता त्याला गुराब ऐकताना परके वाटले नसणार. डच टोपली आधी आली असेल, आणि तिच्यावर हा कावळा मागाहून येऊन बसला असेल. खलाशी शब्दांशी असेच वागतात. बहुतेकांच्या मते डाक वाहणाऱ्या ‘पत्तेमारी’ची आपल्या किनाऱ्यावर ‘फत्तेमारी’ झाली, कारण त्या शब्दात ऐकणाराला ‘फत्ते’ ऐकू आली. ऐकू आलेल्या फत्तेच्या बळावर जर डाकेचे तारू विजयी होऊ शकते, तर टोपलीचा कावळा होण्यास अडचण कोणती? या भाषांतराचा लेखी दस्तऐवज नाही, हे मी मान्य करतो. परंतु कागदापेक्षा कान जुना आहे, आणि जहाजांची नावे कानाने प्रवास करतात. इंग्रजीतील हिसकावून घेण्याच्या क्रियापदाशी गुराबेच्या ‘ग्रॅब’ या इंग्रजी रूपाचा संबंध जोडणाऱ्यांची गोष्ट निराळी. ते क्रियापद उत्तर युरोपातले आहे आणि आंग्र्यांशी त्याचे नाते लावण्यात द्वेषाखेरीज काही नाही.

हे लिहिताना आंग्र्यांचा विजयदुर्ग आठवतो आणि जीव हळहळतो. 1756 च्या फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्राकडून आले, आणि नानासाहेब पेशव्यांच्या मसलतीने सरसुभेदार रामाजी महादेव जमिनीकडून. तुळाजी आंग्र्यांनी कंपनीकडून जिंकलेल्या ‘रिस्टोरेशन’ या जहाजाला आग लागली, ती एकीवरून दुसरीवर पसरत गेली आणि मराठ्यांच्या गुराबा बंदरातच जळाल्या. ती मसलत पुण्यास शिजली होती. आमच्या पेठेतून शनिवारवाड्याकडे जाताना हे माझ्या मनातून जात नाही.

त्रिंकोमालीची पुढची चाकरी थोडक्यात सांगता येते. 1819 च्या एप्रिल अखेरीस नौका पोर्टस्मथला पोचली तेव्हा युद्ध संपलेले होते, आणि 1845 पर्यंत ती नुसती नांगरून पडली. तोवर छेचाळीस हलक्या तोफांची फ्रिगेट जुनाट ठरली होती. म्हणून तोफा कमी करून मोजक्या सव्वीस भारी तोफा चढविल्या, पिछाडीची घडण बदलली आणि दप्तरात कॉर्व्हेट लिहिले. 1847 ते 1850 वेस्ट इंडीज व उत्तर अमेरिकेकडे, 1852 ते 1857 प्रशांत महासागरात, क्रिमियाच्या युद्धातही तैनाती. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका सामुद्रधुनीला आजही या नौकेचे नाव आहे. पुढे नवशिक्या खलाशांची शाळा, 1897 साली भंगारवाल्यास विक्री, तेथून व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाने केलेली सुटका, ‘फुद्रोयां’ हे उसने नाव आणि मुलांची शाळा 1986 पर्यंत. 1987 साली हार्टलपूलला नेऊन डागडुजी सुरू झाली, मूळचे नाव परत मिळाले आणि 2001 साली काम पुरे झाले. ब्रिटिश युद्धनौकांपैकी अद्याप तरंगत असलेली सर्वांत जुनी ती हीच. नेल्सनची ‘व्हिक्टरी’ वयाने वडील आहे, पण ती कोरड्या गोदीत उभी आहे.

सागाच्या अंगात जे तेल आहे त्याने ही नौका राखली. विजयदुर्गास जळाल्या त्या गुराबाही सागाच्याच होत्या.

त्या पावसाळी दुपारनंतर कोशाच्या माझ्या प्रतीत गुराब या शब्दाच्या समासात मी पेन्सिलीने 1847 हा आकडा लिहून ठेवला आहे.