दुर्मिळ गणिती कागदपत्रांचे मोल आणि लखनौचे हरवलेले दप्तर

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील गणितविषयक कागदपत्रांना संग्राहक मोठे मोल देतात. त्या काळी असे निबंध मोजक्याच प्रतींत छापले जात. नॉर्वेचे गणितज्ञ नील्स हेन्रिक आबेल यांनी 1824 मध्ये पंचघाती समीकरणावरील आपला सिद्धांत स्वखर्चाने छापला. खर्च वाचावा म्हणून त्यांनी तो अवघ्या सहा पानांत बसवला. ती पुस्तिका आज अत्यंत दुर्मिळ आहे.

मोल ठरवताना पहिली आवृत्ती, पानांची पूर्णता, मूळ बांधणी, लेखकाच्या हातची टिपणे आणि पूर्वीच्या मालकांची खात्रीलायक माहिती पाहिली जाते. छापील पुस्तिकेची दुसरी प्रत सापडू शकते. हस्तलिखित मात्र बहुधा एकमेव असते. ते नष्ट झाल्यास त्यातील ज्ञानही लोपते.

लखनौ येथे नेमके हेच घडले. अवधचे बादशहा नसीरुद्दीन हैदर यांच्या कारकिर्दीत 1831 मध्ये तेथे वेधशाळेचे काम सुरू झाले. तिची इमारत तारेवाली कोठी म्हणून ओळखली जाते. 1835 मध्ये रिचर्ड विल्कॉक्स यांची तेथे नेमणूक झाली. त्यांच्या देखरेखीखाली ग्रहताऱ्यांचे वेध घेऊन त्यांची किचकट आकडेमोड केली जाई. इंग्रजी शास्त्रीय पुस्तिकांची उर्दू भाषांतरेही तेथे झाली. कमालुद्दीन हैदर यांनी ते काम केले. 1848 मध्ये विल्कॉक्स यांचे निधन झाले आणि 1849 मध्ये वाजिद अली शाह यांनी वेधशाळा बंद केली. वेधांच्या बहुतांश नोंदी अप्रकाशितच राहिल्या आणि पुढे दप्तरही नाहीसे झाले.

त्यामुळे त्या काळचा एखादा सुटा कागदही आज मोलाचा ठरेल. निशातगंज असो वा लखनौची अन्य वस्ती, घर आवरताना आकडेमोडीचे जुने बाड आढळल्यास ते रद्दीत देण्यापूर्वी जाणकारांना दाखवणे श्रेयस्कर. पाने सुटी करू नयेत, चिकटपट्टी लावू नये आणि कागद ओल व वाळवीपासून दूर ठेवावेत.

पुरावशेष व कलानिधी कायदा, 1972 नुसार शास्त्रीय वा ऐतिहासिक महत्त्वाचे, किमान 75 वर्षे जुने हस्तलिखित पुरावशेष ठरते. खासगी व्यक्तीस ते परदेशी पाठवता येत नाही, तर त्याच्या व्यापारासाठी परवाना लागतो.