लाइट पॉइंट, पॉवर पॉइंट

मंडळी, घरातल्या बोर्डाकडे कधी नीट बघितलंय? एक सॉकेट छोटं, एक मोठं. असं का? उत्तर शोधायला थेट साहेबाच्या देशात जावं लागतं.

ब्रिटनमध्ये वीज घरात आली ती दिव्यांसाठी. शेगडी, हीटर वगैरे नंतर आले, त्यांना जाड वायर लागली. १९३४ साली तिथे बीएस ५४६ हे मानक आलं: गोल पिनांचे प्लग, ५ ॲम्पियरचा लहान, १५ ॲम्पियरचा मोठा. आपल्याकडे हेच रुजलं. ६ आणि १६ ॲम्पियर ही त्यांचीच आजची नावं.

गंमत पुढेच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला लाखो घरं बांधायची होती आणि तांब्याची टंचाई होती. मग त्यांनी सॉकेटांची वायर गोल फिरवून परत फ्यूजबॉक्सपाशी आणली, म्हणजे 'रिंग'. अशा रिंगला फ्यूज ३० ॲम्पियरचा, तो बारीक वायरीच्या उपकरणाला काय वाचवणार? म्हणून १९४७ च्या बीएस १३६३ मध्ये चौकोनी पिनांच्या प्रत्येक प्लगमध्येच फ्यूज बसवला.

आपण मात्र जुनंच व्हर्जन चालू ठेवलं. त्यात वाईट काही नाही बरं का, पण त्याची एक अट आहे. आपल्या प्लगमध्ये फ्यूज नसतो. म्हणजे एमसीबी सांभाळते ती भिंतीतली वायर. सॉकेटच्या बाहेर लोंबणाऱ्या वायरीची जबाबदारी कुणाचीच नाही.

आता निघोजे गावात या. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ महिंद्राचा. कामगार आले, भाड्याच्या खोल्या उठल्या. समजा अशा एका खोलीत मोठं सॉकेट एकच आहे. त्याला कन्व्हर्जन प्लग, त्याला ६ ॲम्पियरचा एक्स्टेन्शन बोर्ड. थंडीत सकाळी १५०० वॅटचा रॉड आणि २००० वॅटची इंडक्शन शेगडी एकदम चालू. २३० व्होल्टला हिशोब करा: साधारण ६.५ अधिक ८.७, म्हणजे १५.२ ॲम्पियर. १६ ची एमसीबी ढिम्म हलणार नाही, आणि ६ ॲम्पियरचा बोर्ड तापत राहील. सिस्टिमच्या लेखी सगळं आलबेल!

त्यात रॉड बादलीत. त्याचं इन्सुलेशन गेलं आणि पाण्यात हात घातला, तर माणसाचा जीव जायला मिलिॲम्पियर पुरतात. तेवढ्याने एमसीबीला जागसुद्धा येत नाही. त्यासाठी ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी लागते. या जातीचं उपकरण प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी कॅलिफोर्नियात १९६१ मध्ये बनवलं. शॉकचा माणसावर काय परिणाम होतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

आपल्या राष्ट्रीय विद्युत संहितेच्या २०११ च्या आवृत्तीत हिशोब सरळ होता. दिवे, पंखे, छोटी सॉकेटं मिळून एका सर्किटवर जास्तीत जास्त १० पॉइंट आणि ८०० वॅट. पॉवर सर्किटवर दोनच सॉकेटं. म्हणजे गीझरला वेगळी वायर, शेगडीला वेगळी, सगळ्यांच्या डोक्यावर आरसीसीबी आणि खरंखुरं अर्थिंग.

खोली बघायला गेलं की आपण आधी पाणी किती वेळ येतं ते विचारतो. डिपॉझिट देण्याआधी आणखी दोन प्रश्न विचारा: मोठी सॉकेटं किती, आणि आरसीसीबी आहे का? नसली तर मालकाकडे हट्ट धरा. खर्च काही हजारांचा आहे.

असो. पुढच्या शनिवारी अर्थिंगबद्दल.