‘आज रात्री भूकंप’: आजी-आजोबांना असा मेसेज आला तर?

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली, दगड-मातीच्या जाड भिंती अंगावर पडून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो लोक गेले. ते पाहिलेली बरीच माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. १० जुलै २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, नांदेडमध्येही जमीन हलली. अशा वेळी ‘रात्री २ वाजता मोठा भूकंप, बाहेर झोपा’ हा फॉरवर्ड त्यांना खरा वाटला, तर हसू नका.

त्यांना एक गोष्ट पक्की सांगा: भूकंपाची वेळ आधी कुणालाच सांगता येत नाही. वेळ सांगणारा मेसेज खोटा, मग नाव नासाचं असो की कलेक्टरसाहेबांचं. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्रही धक्का बसून गेल्यावरच वेळ, ठिकाण आणि तीव्रता जाहीर करतं. भिंतीला तडा गेला असेल तर बाहेर झोपणं शहाणपणाचंच, पण ते भिंत बघून ठरवायचं.

व्हॉट्सॲपवरचे दोन बाण त्यांच्याच फोनवर दाखवा: मेसेज अनेक हातांतून आलाय. मात्र कॉपी-पेस्ट केल्यावर बाण राहत नाहीत, हेही तिथेच करून दाखवा.