दुकानावरचे गाजर आणि तंबाखूतले पाणी

#थ्रेड

फ्रान्समध्ये तंबाखूच्या दुकानावर एक लाल, उभी, दोन्ही टोकांना निमुळती पाटी दिसते. फ्रेंच लोक तिला ‘कारोत’ म्हणतात, म्हणजे चक्क गाजर. तंबाखू आणि गाजराचा संबंध काय? दोन उत्तरे सांगितली जातात. पहिले असे की, पूर्वी तंबाखू सुकू नये म्हणून घरातल्या बरणीत गाजराची चकती टाकत. दुसरे उत्तर अधिक जुने आहे आणि माझ्या मते खरे तेच.

त्याआधी पानाचा स्वभाव पाहू. वाळवलेले तंबाखूचे पान दमट हवेतले पाणी शोषते आणि कोरड्या हवेत ते सोडून देते. पाणी फार घटले की पानाचा भुगा होतो, धूर जाळ लागतो, सुवास जातो. पाणी वाढले की बुरशी धरते. घरी तंबाखू ताजी ठेवणे म्हणजे या दोहोंमधल्या अरुंद पट्टीत तिला राखणे. गेली चारशे वर्षे युरोपातली घरे हाच खटाटोप करीत आली.

सतराव्या-अठराव्या शतकांतला उपाय साधा होता : तंबाखू चिरायचीच नाही. पाने किंचित ओलसर करून घट्ट गुंडाळायची, दोरीने करकचून आवळायची आणि निमुळती कांडी बनवायची. ही कांडी म्हणजेच मूळचे ‘गाजर’. आतल्या पानांना हवा लागत नसे, त्यामुळे कांडी दीर्घकाळ टिके. शौकीन माणूस हस्तिदंताची किंवा लाकडाची छोटी किसणी जवळ बाळगी. हवी तेवढीच कांडी किसायची आणि ताजी तपकीर ओढायची. ‘रापे’ या तपकिरीच्या फ्रेंच नावाचा अर्थही ‘किसलेली’ असाच आहे.

ब्रिटिश नौदलातले खलाशी हेच तंत्र जहाजावर वापरीत. मिळालेल्या पानांवर रम शिंपडून ती कॅनव्हासमध्ये गुंडाळत, वरून दोरीचे वेढे देत, आणि लागेल तशी चकती कापून घेत. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेतही तंबाखू टिकविणारी ही युक्ती कोणा रसायनशास्त्रज्ञाने शिकविली नव्हती.

चिरलेली तंबाखू घरात आली तेव्हा मात्र पेटी लागली. इंग्लंडात अठराव्या शतकापासून शिशाच्या पेट्या घरोघर दिसू लागल्या. शिसे मऊ, ओतायला सोपे, गंजत नाही आणि ओल बाहेर जाऊ देत नाही. चहाच्या खोक्यांनाही आतून शिशाचाच पत्रा लावीत. या पेटीतली खरी हुशारी तिच्या पोटात होती. तंबाखूवर एक सुटी जड चकती ठेवलेली असे. तंबाखू कमी होत जाई तशी चकतीही खाली उतरे, आणि वर मोकळी हवा साठत असली तरी पानांपर्यंत ती पोहोचत नसे. शिसे विषारी असते, ही त्यातली उघड गोम. पुढे शिशाच्या पत्र्यात बांधलेल्या तपकिरीने माणसांना शिशाची विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकात आल्या.

पण या पेट्यांकडे पाहताना मला खुपते ते वेगळेच. त्यांपैकी कित्येकींच्या झाकणाची मूठ आफ्रिकन माणसाच्या मस्तकाची घडविलेली असे. १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फने व्हर्जिनियात तंबाखूची लागवड केली. १६१९ मध्ये तिथे पहिले आफ्रिकन बंदी उतरविले गेले. पुढे त्या शेतांचा भार प्रामुख्याने गुलामांच्या पाठीवर आला. घरमालक रोज संध्याकाळी ते मस्तक चिमटीत धरून झाकण उचलीत असे. सजावटीत असे काही आहे, हे त्याच्या मनातही येत नसावे.

हिंदुस्थानात हाच प्रश्न निराळ्या वाटेने सुटला. अकबराचा दूत असद बेग १६०४ च्या सुमारास विजापुराहून परतताना तंबाखू आणि रत्नजडित हुक्का घेऊन गेला. म्हणजे मोगल दरबाराला या पानाची ओळख झाली ती आपल्या दख्खनमार्गे. पुढे हुक्क्याच्या तंबाखूत गूळ कालविण्याची रीत रूढ झाली. गूळ गोडी देतोच, पण पाणीही धरून ठेवतो. विसाव्या शतकातल्या कारखान्यांनी ग्लिसरिन घातले, ते याच कामासाठी.

एकोणिसाव्या शतकात कागदात वळून ओढण्याची चाल पसरली. पेर्पिन्याँ गावच्या जाँ बार्दू याने वळायच्या पातळ कागदाच्या पुस्तिका विकायला आणल्या. वळण्यासाठी तंबाखू बारीक कातरलेली लागते, आणि जितकी बारीक कातर तितकी ती लवकर सुकते. कांडीने जे काम आपोआप केले होते ते आता गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडले. मग घरगुती तोडगे आले : सफरचंदाची फोड, बटाट्याची साल, गाजराची चकती. यांनी ओल मिळे खरी, पण किती मिळावी यावर ताबा नसे. फोड दोन दिवस विसरली की तिच्यावर आधी बुरशी येई आणि मग सगळ्या तंबाखूवर.

तेव्हा पाटीवरचे गाजर कोणते? माझा तर्क असा की, सुटी कातर घरोघर पोहोचली, कांड्या दिसेनाशा झाल्या, आणि ज्यांनी कांडी कधी पाहिलीच नव्हती त्यांनी बरणीतल्या चकतीवरून नवी गोष्ट रचली.