परीक्षा सरकारची, दार पेढीचे

हिशेबतपासणीच्या व्यवसायात शिरायला दोन गोष्टी लागतात. एक, परीक्षा उत्तीर्ण होणे. दुसरी, व्यवसायात आधीच बसलेल्या कुणाच्या तरी हाताखाली ठरावीक वर्षे उमेदवारी करणे. पहिली अभ्यासाने साधते. दुसरी साधायची तर कुणीतरी 'ये, बस' म्हणावे लागते. या व्यवसायाचा इतिहास बहुधा कंपनी कायदे, घोटाळे आणि पेढ्यांची विलीनीकरणे यांच्या अंगाने लिहिला जातो. तोच इतिहास पदवी हातात घेऊन पेढीच्या दाराशी उभ्या असलेल्या तरुणाच्या बाजूने वाचला, तर एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. परीक्षेचे नियम सरकारने किंवा सनदी संस्थेने केले, पण त्या परीक्षेचे फळ पदरात पडण्यासाठी लागणारा अनुभव देणे-न देणे खाजगी पेढ्यांच्या मर्जीवर राहिले.

सुरुवात इंग्लंडपासून करू. लंडन विद्यापीठाची पदवी घेतलेला एडविन वॉटरहाउस १८६१ साली कोलमन, टर्क्वँड, यंग्ज या लंडनमधल्या नावाजलेल्या पेढीत दाखल झाला. तीन वर्षांत त्याने स्वतःचे कार्यालय थाटले आणि १८६५ मध्ये तो प्राइस व हॉलीलँड यांचा भागीदार झाला. आजच्या प्राइसवॉटरहाउसकूपर्सच्या नावातला वॉटरहाउस तो हाच. तो हुशार होता यात वाद नाही. पण वडील सुस्थितीतले व्यापारी, मोठा भाऊ आल्फ्रेड नामांकित वास्तुविशारद आणि क्वेकर पंथीयांचे आपसातले घट्ट संबंध. सुरुवातीची कामे त्याला या गोतावळ्यातूनच मिळाली.

१८८० मध्ये इंग्लंड व वेल्सच्या सनदी लेखापालांच्या संस्थेला राजसनद मिळाली आणि उमेदवारीची रीत नियमबद्ध झाली. पाच वर्षांचा करार. विद्यापीठाच्या पदवीधराला दोन वर्षांची सूट. करारावर सही करताना उमेदवाराच्या वडिलांनी पेढीतल्या मुख्य लेखापालाला 'प्रीमियम' मोजायचा. चांगल्या पेढीत ही रक्कम शंभर गिनींपासून कित्येक शे गिनींपर्यंत जाई. शिवाय उमेदवाराला पगार सहसा नसेच. म्हणजे मुलाला पाच वर्षे पोसण्याची ऐपत असलेले घरच या वाटेने जाऊ शके. पेढीतला पगारी कारकून तेच हिशेब तपासत आयुष्य काढी. पण करार नाही म्हणून त्याला परीक्षेला बसता येत नसे.

बायकांना तर प्रीमियम मोजूनही प्रवेश नव्हता. मेरी हॅरिस स्मिथ यांनी १८८७ पासून लंडनमध्ये स्वतःच्या नावाने हिशेबनीसाचा व्यवसाय केला. १८९१ मध्ये त्यांनी संस्थेकडे सभासदत्व मागितले. ते नाकारताना त्यांच्या कामात कुणी खोट काढली नाही. त्या स्त्री होत्या, एवढे कारण पुरले. १९१९ च्या कायद्याने स्त्रियांवरची व्यावसायिक बंदी उठली, आणि १९२० मध्ये, पंचाहत्तरी गाठल्यावर, त्या सभासद झाल्या. परीक्षा देऊन सनदी लेखापाल झालेली इंग्लंडमधली पहिली स्त्री म्हणजे एथेल वॉट्स. तिला १९२४ साल उजाडावे लागले. त्यानंतरही करार करून घेणारी पेढी शोधणे ही मुलींपुढची खरी परीक्षा राहिली.

अमेरिकेत व्यवसायाला परवाना देण्याचे काम राज्य सरकारांकडे गेले. न्यूयॉर्कने १८९६ मध्ये पहिला कायदा केला आणि 'सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट' ही पदवी जन्माला आली. इतर राज्येही त्याच मार्गाने गेली. कायद्याच्या कलमांत वर्णाचा उल्लेख नव्हता. मात्र बहुतेक राज्यांत परवान्यासाठी आधीच्या लेखापालाच्या हाताखालचा अनुभव आवश्यक होता, आणि गोऱ्यांच्या पेढ्या कृष्णवर्णीयांना नोकरीवर घेत नव्हत्या. डार्टमथचा पदवीधर, तिथेच पदव्युत्तर शिक्षणही घेतलेला जॉन क्रॉमवेल वॉशिंग्टनमध्ये शिक्षकी करत होता. तिथे त्याच्यासाठी अनुभवाची अट आड येत होती. न्यू हॅम्पशायरमध्ये ती नव्हती. तिथे परीक्षा देऊन १९२१ मध्ये तो अमेरिकेतला पहिला कृष्णवर्णीय सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट झाला. तरीही मोठ्या पेढीचे दार त्याला उघडले नाही. त्याने आपल्याच समाजातल्या अशिलांचे हिशेब पाहिले आणि पुढे हॉवर्ड विद्यापीठाचा हिशेबप्रमुख म्हणून काम केले.

शिकागोत मेरी वॉशिंग्टन यांनी यावर वेगळा उपाय काढला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकत असतानाच, १९३९ मध्ये, त्यांनी घराच्या तळघरात कार्यालय सुरू केले आणि १९४३ मध्ये परवाना मिळवला. दुसरीकडे कुणी उभे करत नाही म्हणून दूरदूरच्या राज्यांतले कृष्णवर्णीय पदवीधर त्यांच्याकडे येत, अनुभवाची वर्षे भरत आणि परवाना घेऊन परत जात. एका तळघराने मोठ्या पेढ्यांनी नाकारलेले काम केले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर मोठ्या पेढ्यांची भाषा बदलली. तरी १९६९ मध्ये बर्ट मिशेल यांनी व्यवसायाच्या मुखपत्रात मांडलेला हिशेब बोलका होता: सुमारे एक लाख परवानाधारकांत कृष्णवर्णीय दीडशेसुद्धा नव्हते.

आपल्याकडे ही गोष्ट वसाहतीच्या वळणाने आली. १९१३ च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षकाची पात्रता ठरवली. मान्यताप्राप्त ब्रिटिश संस्थांच्या सभासदांना हे काम थेट करता येई; बाकीच्यांना सरकारी प्रमाणपत्र लागे. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झाले आणि वाणिज्य शाखेचे पदवीधर तयार होऊ लागले. १९१८ मध्ये मुंबईत 'गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी' सुरू झाला. परीक्षा आणि मान्यताप्राप्त लेखापालाकडे तीन वर्षांची उमेदवारी, या दोन्ही अटी पुऱ्या केल्यावर देशभर काम करण्याचे अनिर्बंध प्रमाणपत्र मिळे. विलायतेला न जाता या व्यवसायात शिरण्याची वाट त्यामुळे खुली झाली. पण तीन वर्षे कुणाकडे काढायची, हा प्रश्न इथेही उमेदवाराचाच होता. मराठीत 'उमेदवारी' हा शब्द कचेरीत पुढेमागे जागा मिळेल या आशेवर बिनपगारी खर्डेघाशी करण्यासाठी रुळलेला होताच. आर्टिकल्ड क्लार्कला तो नेमका लागू पडला.

मद्रासच्या आर. शिवभोगम यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. सुटल्यावर लेखापाल व्हायचे ठरवले, १९३३ मध्ये हा डिप्लोमा मिळवला आणि सी. एस. शास्त्री यांच्याकडे उमेदवारी केली. म्हणजे पेढीचे दार त्यांना उघडले होते. मग सरकारचे दार आड आले: तुरुंगात गेलेल्या व्यक्तीची लेखापाल म्हणून नोंदणी होत नसे. त्यांनी न्यायालयात दाद मागितली, निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १९३७ पासून त्यांनी स्वतंत्र व्यवसाय केला. भारतातील पहिल्या महिला लेखापाल म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. एका लेखापालाने त्यांना हाताखाली घेतले नसते, तर न्यायालयात जाण्याची वेळच आली नसती.

१ जुलै १९४९ पासून चार्टर्ड अकाउंटंट्‌स कायदा अमलात आला. आज आपल्या संस्थेच्या नियमांनुसार उमेदवाराकडून प्रीमियम, कर्ज, अनामत अशी कोणतीही रक्कम घेता येत नाही. उलट त्याला विद्यावेतन द्यावे लागते आणि त्याची किमान रक्कम शहराच्या लोकसंख्येवर ठरते. पैसा बापाच्या खिशातून पेढीकडे जायचा, तो पेढीकडून मुलाकडे येऊ लागला. हा बदल लहान नाही. पण कुणाला घ्यायचे हे अजून पेढीच ठरवते. लातूर किंवा परभणीहून मुंबईत आलेल्या मुलाला खोलीचे भाडे आणि खाणावळ विद्यावेतनातून निभावत नाही. घरून पैसे मागवावेच लागतात. प्रीमियम नियमांतून गेला, तरी त्याचा काही भाग असा खर्चाच्या वहीत उरला आहे.

दरम्यान मोठी दारे कमी झाली. एकेकाळच्या आठ बड्या पेढ्या १९८९ च्या विलीनीकरणांनी सहा, १९९८ मध्ये पाच आणि २००२ मध्ये आर्थर अँडरसन कोसळल्यावर चार उरल्या. आता त्या पदवीधरांना भरती मोहिमांतून निवडतात. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या अर्न्स्ट अँड यंगने पदवीच्या श्रेणीची अट काढली आणि डेलॉइटने उमेदवाराची शाळा व विद्यापीठ निवड करणाऱ्यांपासून झाकून ठेवायचे ठरवले. गुणपत्रिकेआड घराणे आणि शाळा उभी असते, ही यातली कबुली आहे. मात्र शाळेचे नाव झाकायचे की नाही, हेही पेढीनेच ठरवले.

हिशेबतपासनीसाचे पहिले काम म्हणजे ताळेबंदातल्या आकड्यामागे पावती आहे का ते पाहणे. भरतीचा ताळेबंद या पेढ्या स्वतःच मांडतात आणि बहुतेक वेळा स्वतःच तपासतात. कंपन्यांच्या बाबतीत अशी मुभा कायद्याने केव्हाच काढून घेतली आहे. कुणाला घेतले हे पेढ्या अभिमानाने सांगतात. कुणाला आणि का नाकारले, याच्या पावत्याही एखाद्या तिऱ्हाइताने तपासायला हव्यात.