ओमचा नियम

विजेची शेगडी २३० व्होल्टांच्या दाबावर ५ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर दाबाला प्रवाहानें भागून ४६ ओम हा तिचा रोध निघतो. दोहोंचा गुणाकार केला कीं ११५० वॅट ही शक्ति येते. शाळकरी मुलांसही जमणारें हें गणित. परंतु त्याचा पाया घालणाऱ्या गेओर्ग ओमला तें फार महाग पडलें.

कुलुपें घडविणाऱ्या कारागिराचा हा मुलगा १८१७ पासून जर्मनींतील कोलोन येथें शाळामास्तर होता. त्या काळच्या विद्युद्घटांचा जोर टिकत नसे. म्हणून त्यानें तांबें व बिस्मथ यांचा एक सांधा उकळत्या पाण्यांत, दुसरा बर्फांत ठेवून स्थिर दाब मिळविला व निरनिराळ्या लांबीच्या तारांतील प्रवाह मोजले. १८२७ सालीं त्याचा ग्रंथ निघाला. पण स्वदेशीं त्याची उपेक्षाच झाली. खिन्न होऊन ओमनें नोकरी सोडली.

१८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कोप्ली पदक दिलें. म्यूनिकची प्राध्यापकी १८५२ सालीं, मरणाच्या अवघीं दोन वर्षें आधीं मिळाली. १८८१ सालीं पॅरिसच्या परिषदेनें रोधाचें माप म्हणून ‘ओम’ हें नांव मान्य केलें. ज्या शाळामास्तराचें म्हणणें तेव्हां फारसें कोणीं ऐकिलें नाहीं, त्याचें नांव आज शाळाशाळांतून मुलांच्या तोंडीं असतें.